बोअर मारण्याआधी डोंगरमाथा पायी पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२०२० पासून कोळशाच्या गटांच्या (ब्लॉकच्या) लिलावाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत सातत्याने येतात. गटाचे नाव, साठा किती दशलक्ष टन, बोली कोणाची, राज्याच्या तिजोरीत किती पडणार, एवढे त्यांत असते. त्या जमिनीवर पूर्वी कोण राहून गेले, त्यांचे काय उरले आहे आणि ते कोणी पाहिले आहे का, हे नसते. यात बातमीदाराचा दोष नाही. हा प्रश्न कोणत्या टप्प्यावर आणि कोणी विचारायचा, हेच आपल्या व्यवस्थेत ठरलेले नाही.

आम्ही इंदूरची, पुरातत्त्वीय पाहणी आणि भूवैज्ञानिक नकाशे या दोन कामांशी संबंधित मंडळी आहोत. सपाट माथ्याच्या डोंगरावर कोळसा शोधायचा असेल, तर पुरातत्त्वीय पाहणी पहिल्या बोअरच्या आधी व्हावी, असे आमचे म्हणणे आहे. ती खाणीच्या मंजुरीपर्यंत लांबवली की उशीर झालेला असतो. तो का होतो, हे तपशिलाने मांडण्यासाठी थोडी जास्त जागा मागत आहोत.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ज्याला मेसा म्हणतात तसे, वरून सपाट आणि कडांना तुटलेले डोंगर आपल्या मध्य भारतात भरपूर आहेत. सरगुजा-जशपूरकडे त्यांना पाट म्हणतात. मैनपाट त्यांतला सर्वांच्या ओळखीचा. उमरियातला बांधवगडचा डोंगर याच घडणीचा, आणि सातपुड्यात पचमढीच्या परिसरातही वालुकाश्माचे असे कडे आहेत. वर वालुकाश्म, जांभा किंवा काळा पाषाण यांची कठीण टोपी असते आणि खाली मऊ थर असतात. पावसाचे पाणी टोपीतून झिरपते, खालच्या चिकण थराला अडते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. मऊ थर आधी झिजल्यामुळे कठीण खडकाखाली खोबणी तयार होतात, तेच शैलाश्रय. वर मोकळी सपाटी, खाली निवारा, शेजारी बारमाही पाणी, शिवाय दूरवरचा कळप दिसेल अशी उंची! अशा जागी माणूस हजारो वर्षे येत राहिला, यात नवल नाही. डॉ. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये भीमबेटका जगासमोर आणले, तेही वालुकाश्माच्या अशाच कड्यांमध्ये. तिथे कोळसा नाही, पण डोंगराची घडण तीच.

माळव्यातल्या माणसाच्या डोळ्याला मात्र वेगळी सवय असते. आपल्याकडे प्राचीन स्थळ म्हटले की नदीकाठचे पांढरीचे (जुन्या वस्तीच्या मातीचे) टेकाड डोळ्यांसमोर येते. महेश्वरसमोरचे नावडाटोली घ्या किंवा उज्जैनजवळचे कायथा घ्या. तिथे मातीच्या घरांवर घरे पडून टेकाड वाढले आणि खापरांचा खच दुरूनही दिसतो. डोंगरमाथ्यावर असे काही नसते. माती वीतभर ते हातभर, खाली थेट खडक. जे काही आहे ते त्या वीतभर मातीत किंवा तिच्या वर उघड्यावर पडलेले असते: चर्ट आणि कॅल्सेडनी या कठीण दगडांचे छिलके (हत्यार घडवताना उडालेल्या कपच्या), सूक्ष्मास्त्रे म्हणजे बोटाच्या पेराएवढी दगडी हत्यारे, चुलीचे दगड, एखाद्या भिंतीची एकेरी ओळ. ते जागच्या जागी आहे, यातच त्याची सगळी किंमत. छिलके कुठल्या दगडाभोवती पसरले आहेत त्यावरून हत्यार कुठे बसून घडवले ते कळते. डोझरचे पाते एकदा फिरले की वस्तू उरतात, पण त्यांच्यातला संबंध जातो, आणि तो पुन्हा जुळवता येत नाही.

आता बोअरकडे येऊ. बोअर म्हणजे तीन-चार इंचांचे भोक, त्याने काय बिघडणार, असे अधिकारीही म्हणतात आणि अभियंतेही. भोकापुरते ते खरे आहे. कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढण्याच्या नेहमीच्या दोन मापांत भोकाचा व्यास सुमारे ७६ किंवा ९६ मिलिमीटर असतो. पण रिग, म्हणजे भोक पाडणारे यंत्र, हवेतून येत नाही. तिला साधारण वीस मीटर लांब-रुंद सपाट जागा लागते. भोक पाडताना लागणाऱ्या बेंटोनाइट या चिकणमातीच्या गाळासाठी दोन-तीन मीटर लांब आणि मीटर-दीड मीटर खोल खड्डे लागतात. जिथे माती हातभरच आहे, तिथे असा खड्डा पुरातत्त्वाचा सगळा थर कापून खडकात उतरतो. दिवसाला हजारो लिटर पाणी लागते, म्हणजे झऱ्यावर पंप, आणि पंपापर्यंत वाट. मजुरांची छावणी, डिझेलची टाकी, कोअरच्या पेट्यांची शेड. आणि या सगळ्यासाठी रस्ता.

थोडा हिशेब करून पाहू. कोळशाचा साठा सिद्ध म्हणायचा, तर भारतीय पद्धतीनुसार एका निरीक्षणबिंदूपासून जास्तीत जास्त २०० मीटरपर्यंतच अंदाज वाढवता येतो. म्हणजे बोअर सुमारे ४०० मीटरच्या अंतराने, चौरस किलोमीटरला सहा. २५ चौ. किमीच्या गटात दीडशे. दीडशे जागा प्रत्येकी ४०० चौ. मीटर धरल्या तर सहा हेक्टर. प्रत्येक बोअरला जोडणारा चारशे मीटर लांब, चार मीटर रुंद रस्ता धरला, तर आणखी चोवीस हेक्टर. एकूण तीस हेक्टर, म्हणजे गटाच्या क्षेत्राचा जेमतेम सव्वा टक्का. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो आणि म्हणूनच फसवा आहे. हा सव्वा टक्का डोंगरभर सारखा विखुरलेला नसतो. रिगवाल्याला सपाट जागा हवी, पाण्याजवळची हवी, आणि कड्यावरून वर चढायला सर्वांत सोपी खिंड हवी. दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने नेमक्या याच तीन गोष्टी पाहून जागा निवडली होती. खाणीच्या मंजुरीची वेळ येईपर्यंत डोंगरावरची सगळ्यात मोलाची स्थळे रस्ता, छावणी आणि पंप यांच्याखाली गेलेली असतात, आणि मग अहवालात ‘काही आढळले नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे लिहिले जाते.

याच टप्प्यावर वाचवणे सर्वांत स्वस्तही असते. कोळसा ज्यांत सापडतो ते गोंडवाना थर पुष्कळ ठिकाणी अगदी मंद उताराचे असतात. उतार तीन अंशांचा धरला, तर बोअर चाळीस मीटर बाजूला सरकवल्याने कोळशाचा थर सुमारे दोन मीटर वर किंवा खाली लागेल, एवढाच फरक. बोअरचे अक्षांश-रेखांश आणि उंची नोंदवलेलीच असते, त्यामुळे साठ्याच्या गणितात काही बिघडत नाही. फॉल्टच्या (थर तुटून सरकल्याच्या रेषेच्या) जवळ किंवा थराच्या उघड्या कडेजवळ जागा काटेकोर लागते, तिथे भूवैज्ञानिकाचे म्हणणे ऐकावे. बाकी ठिकाणी चाळीस मीटरची सवलत सहज देता येते, मात्र स्थळ कुठे आहे ते आधी माहीत असले पाहिजे.

ते माहीत करून घेण्याची पद्धत साधी आहे, पण घाईने होत नाही. आधी टेबलावरचे काम: १:५०,००० चे स्थलदर्शक नकाशे, भूवैज्ञानिक नकाशे, पुरातत्त्व खात्याचे जुने वार्षिक अहवाल, जिल्हा गॅझेटियर, पटवाऱ्याकडचे नकाशे आणि त्यांतली जागांची नावे. जिथे आज घर नाही, पण नावात डीह (जुनी वस्ती), गढी किंवा देव आहे, तिथे खूण करायची. एक तांत्रिक चूक इथेच वारंवार होते. जुने स्थलदर्शक नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिमानावर, एव्हरेस्ट लंबगोलावर, बेतलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या प्रतिमानावर चालतो. रूपांतर न करता आकडे उचलले, तर मध्य भारतात जागा शंभर मीटरपेक्षा जास्त सरकते. मग कुंपण एकीकडे पडते आणि स्थळ दुसरीकडे राहते. हातातल्या जीपीएसची स्वतःची तीन ते पाच मीटरची चूक असतेच, म्हणून प्रत्येक स्थळावर खडकात किंवा झाडावर दिसेल असा एक स्थिर संदर्भबिंदू नोंदवावा.

हंगाम चुकला की पाहणी वाया जाते. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत गवत कमरेपर्यंत असते. तेव्हाच्या पाहणीत ‘काही नाही’ याचा अर्थ ‘गवत आहे’ एवढाच. साल वृक्षांच्या जंगलात फाल्गुन-चैत्रात पानांचा थर जमिनीला झाकून टाकतो. पण त्याच दिवसांत महुआची (मोहाची) फुले वेचणारे लोक झाडाखालची जमीन झाडून किंवा पाचोळा जाळून स्वच्छ करतात. हे स्वच्छ तुकडे म्हणजे पाहणी करणाऱ्याला मिळालेल्या खिडक्या. प्रत्येक महुआखाली थांबून पाहायलाच हवे. पहिल्या एक-दोन सरींनंतर धूळ धुऊन छिलके चमकू लागतात, तोही काळ चांगला. फक्त पंधरवड्यात गवत उगवते.

सपाटीवर सहा माणसे एका ओळीत, एकमेकांपासून १५ मीटर अंतरावर चालतात. प्रत्येकाला दोन्ही बाजूंचे दोन-दोन मीटर नीट दिसतात, म्हणजे एकूण जमिनीचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग प्रत्यक्ष नजरेखाली येतो. खर्च वाचवण्यासाठी हे अंतर ३० मीटर केले, तर वीस मीटर व्यासाचे अख्खे स्थळ दोन माणसांच्या मधून निसटू शकते, आणि डोंगरमाथ्यावरची कितीतरी स्थळे त्याहून लहान असतात. एका चौरस किलोमीटरला १५ मीटरच्या अंतराने सदुसष्ट फेऱ्या होतात, म्हणजे सदुसष्ट किलोमीटर. सहा जणांत वाटल्यावर प्रत्येकी अकरा. थांबणे, फोटो आणि नोंदी धरून दोन दिवस. २५ चौ. किमीच्या गटाला दोन तुकड्या लावल्या तर पंचवीस दिवस, आणि कडे वेगळे. एका कोरड्या हंगामात हे आरामात बसते. वेळ नाही ही सबब म्हणूनच आम्हाला पटत नाही.

निव्वळ बोअरच्या जागा आणि रस्त्यांच्या पट्ट्या पाहाव्यात, अशी तडजोड सुचवली जाते. काहीच न पाहण्यापेक्षा ती बरी. ती करायचीच असेल तर बोअरभोवती पन्नास मीटर आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पंचवीस मीटर पट्टा किमान धरावा. पण काम सुरू झाल्यावर बोअरच्या जागा बदलतात, रस्ता खडक लागला म्हणून वळतो, आणि वळतो तो न पाहिलेल्या जमिनीत. म्हणून सपाटी पूर्ण चालून पाहावी, हा आमचा आग्रह.

कड्याचे काम वेगळ्या तुकडीने करावे. खडकाच्या प्रत्येक खोबणीत वाकून शिरावे लागते. छत आणि भिंतीवर विजेरीचा झोत समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकावा, म्हणजे कोरलेल्या रेषा आणि वाटीसारखे खळगे उठून दिसतात. गेरूची चित्रे इतकी फिकी असतात की नुसत्या डोळ्याला डागच वाटतात. रंगपट्टी आणि मापपट्टी ठेवून फोटो काढावा आणि डीस्ट्रेचसारख्या प्रणालीत रंग ताणून पाहावा. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून त्यावर पाणी किंवा रॉकेल मारण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. त्याने रंग उडतो आणि क्षारांचा थर चढतो. ते कोणीही करू नये. शैलाश्रयाच्या तोंडाशी असलेली माती हा त्या जागेचा सर्वांत महत्त्वाचा भाग असतो, आणि रिगचा रस्ता कड्यावर चढवताना भराव म्हणून तीच माती उचलली जाते.

माती किती खोल आहे आणि तिच्यात काही आहे का, हे पाहायला मीटरभर लांब-रुंद चाचणी-खड्डा घेतात आणि दहा-दहा सेंटिमीटरने खडकापर्यंत उतरतात. इथे चाळणीचे भोक निर्णायक ठरते. पाच मिलिमीटरची जाळी बाजारात सहज मिळते, म्हणून तीच वापरली जाते. पण सूक्ष्मास्त्रांची पाती कित्येकदा चार-पाच मिलिमीटर रुंदीचीच असतात आणि उभी होऊन खाली निघून जातात. तीन मिलिमीटरची जाळी घ्यावी, आणि निदान एका खड्ड्याची माती पाण्याने दोन मिलिमीटरच्या जाळीतून धुवावी. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि ती यायला वेळ जातो. अर्ज पाहणीच्या सुरुवातीलाच करावा, शेवटी करून अडकू नये.

कोळशाच्या मुलखात काही फसगती खास तिथल्याच असतात. काळा कण दिसला की तो चुलीतला लोणारी कोळसा आहे असे धरू नये. तो दगडी कोळशाचा चुरा असू शकतो. दगडी कोळशात किरणोत्सारी कार्बन (कार्बन-१४) अजिबात उरलेला नसतो. नमुन्यातल्या कार्बनचा दहावा हिस्सा जरी त्याचा असला, तरी कार्बन-१४ चे वय सुमारे साडेआठशे वर्षांनी जास्त येते. रिगचे डिझेल आणि वंगण मातीत मुरले की हाच दोष येतो, म्हणून कालमापनाचे नमुने रिग येण्याआधी काढावेत. दुसरी फसगत भाजलेल्या मातीची. डोंगराच्या कडेला उघडा पडलेला कोळशाचा थर कधीकाळी आपोआप पेटून वरची माती भाजून निघते, आणि ती लाल, कडक खापरासारखी दिसते. खापराला दोन बाजू, सारखी जाडी आणि पुष्कळदा चाकाच्या रेषा असतात, हिला नसतात. तिसरी याच्या उलट. लोखंड गाळताना उरलेल्या लोहमळीचे गोळे जांभ्याचे खडे समजून सोडून दिले जातात. शहडोल, दिंडोरी, सीधी या भागांत अगरिया आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळले. त्यांच्या भट्ट्यांचे तळ, फुंकणीच्या मातीच्या नळ्यांचे तुकडे आणि मळीचे ढीग हेही पुरातत्त्वच आहे. तोडलेला गोळा आतून बुडबुड्यांचा आणि काचेसारखा दिसला की तो मळीचा. जांभ्यात अशी काच नसते.

हे सगळे करून दाखवल्याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण कोळशाचेच आणि मेसाचेच आहे. अ‍ॅरिझोनातल्या ब्लॅक मेसावर, नव्हाहो आणि होपी लोकांच्या भूमीत, पीबॉडी कोल कंपनीने १९६४ आणि १९६६ मध्ये भाडेपट्टे घेतले. १९६७ पासून कंपनीच्या पैशांतून तिथे पुरातत्त्वीय प्रकल्प सुरू झाला आणि तो १९८७ पर्यंत चालला. त्यात सुमारे अडीच हजार स्थळे नोंदली गेली आणि दोनशेहून अधिक ठिकाणी उत्खनन झाले. त्या डोंगरावर लोक केव्हा आले, शेती कशी वाढली आणि बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर भागातली वस्ती का उठली, याचे इतके बारकाईचे चित्र क्वचितच कुठे मिळते. पण आकडे नीट वाचावेत. अडीच हजारांत दोनशे म्हणजे दहांत एकही नाही. स्थळ नोंदले म्हणजे ते वाचले, असा अर्थ होत नाही. दुसरे म्हणजे, उत्खननात निघालेले मानवी अवशेष तिथल्या लोकांपासून दूर, संस्थांच्या ताब्यात गेले. मूळ रहिवाशांचे अवशेष परत करण्याबाबतचा कायदा अमेरिकेत १९९० मध्ये झाला, म्हणजे प्रकल्प संपल्यानंतर. ज्यांचे पूर्वज तिथे पुरले आहेत त्यांना आधी विचारायचे असते, हे तिथे उशिरा मान्य झाले. आपल्याकडे ते पहिल्या दिवसापासून मान्य असावे.

आपल्याच राज्यातले उदाहरण अगदी अलीकडचे आहे. उमरिया जिल्ह्यात कोळसाखाणी आहेत आणि बांधवगडही. २०२२ च्या उन्हाळ्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने बांधवगडच्या जंगलात सुमारे १७० चौ. किमी क्षेत्राची पाहणी केली. त्याआधीची पाहणी १९३८ मधली. एका मोसमात २६ मंदिरे, २६ लेणी आणि २४ शिलालेखांची नोंद झाली. दगडात कोरलेली लेणीसुद्धा चौऱ्याऐंशी वर्षे नोंदीबाहेर राहू शकतात, तर वीतभर मातीतल्या छिलक्यांची गोष्टच वेगळी. बांधवगड व्याघ्र प्रकल्प आहे, म्हणून तिथे रिग गेली नाही. सिंगरौली, सोहागपूर किंवा उत्तर कर्णपुरा या कोळसाक्षेत्रांतल्या डोंगरांना असे कवच नाही. सिंगरौलीत माड्याची लेणी आहेत. हजारीबागजवळ पकरी-बरवाडीहचे महापाषाण (प्राचीन काळी उभे केलेले मोठे दगड) आहेत आणि त्याच नावाची कोळसाखाणही. हसदेवच्या कोळसापट्ट्याजवळ रामगढचा डोंगर उभा आहे, जिथल्या जोगीमारा लेण्यात देवदासी सुतनुका आणि देवदिन्न यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरली आहेत.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आले. पण देशात अशी संरक्षित स्मारके साडेतीन हजारांच्या वर आहेत, बस. ‘परिसरात संरक्षित स्मारक नाही’ हे वाक्य त्यामुळे जवळजवळ प्रत्येक डोंगराबद्दल खरे असते, आणि ते पुरातत्त्वीय पाहणीचे उत्तर म्हणून चालवून घेतले जाते. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूची खबर कलेक्टरला द्यायला लावतो. चर्टच्या छिलक्याला बाजारात किंमतच नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली खाणीला मंजुरी लागते, खनिजाच्या पूर्वेक्षणाला, म्हणजे शोधाच्या कामाला, त्यातून सूट आहे. वनकायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पूर्वेक्षण आणि शोधकाम केंद्राच्या अटींवर वनेतर उपयोगाच्या व्याख्येबाहेर काढता येते. १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्यातल्या कलम ४ ची अधिसूचना निघाली की जमिनीत शिरणे, खणणे, बोअर मारणे, वाटेतले पीक, कुंपण आणि झाडोरा तोडणे, हे सगळे अधिकार मिळतात. त्यासाठी दोन वर्षे, वाढवून तीन. याच दोन-तीन वर्षांत डोंगरमाथ्याचे भवितव्य ठरते आणि नेमका हाच काळ पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोकळा सोडला आहे.

म्हणून आमची मागणी राज्याच्या खनिज विभागाकडे आणि पुरातत्त्व संचालनालयाकडे अशी आहे. रिग जागेवर नेण्याच्या परवान्यातच अट असावी की पाहणीचा अहवाल आधी स्वीकारला गेला पाहिजे. खर्च गटधारकाने उचलावा, पण पाहणी करणारी संस्था संचालनालयाने नेमावी. पैसे देणाऱ्यानेच परीक्षक निवडला की ‘काही आढळले नाही’ हे वाक्य फार स्वस्त होते. स्थळाभोवती पन्नास मीटरचा पट्टा खुणा करून राखावा. त्या खुणांवर फलक लावू नयेत, नाहीतर खजिना शोधणारे रात्री येतात. भरावासाठी मुरूम किंवा माती जवळच्या टेकाडावरून उचलू नये. ठेकेदाराला सोपे वाटणारे टेकाड पुष्कळदा जुन्या गावाची पांढरी असते. जमेल तिथे डोझर न चालवता रिग आहे त्याच जमिनीवरून न्यावी, किंवा सुटी करून हातांनी नेण्याजोगी लहान रिग वापरावी. उथळ बोअरना ती पुरते. गाळाच्या खड्ड्यांऐवजी लोखंडी टाक्या ठेवाव्यात.

पाहणीपूर्वी ग्रामसभेत बसणे हा शिष्टाचाराचा भाग नाही, तो पद्धतीचाच भाग आहे. गोंडांच्या बडादेवाची जागा, देवराई, पूर्वजांचे उभे दगड कुठे आहेत हे गावाला ठाऊक असते, आणि ती स्थळे जिवंत आहेत. तिथे चाचणी-खड्डा घ्यायचा नाही, गावाने नको म्हटले तर नकाशावर नेमकी जागाही छापायची नाही. तो तुकडा सरळ वगळायचा. मध्य प्रदेशात अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नियम २०२२ पासून लागू आहेत, त्यामुळे तिथे याला आधारही आहे. गुराखी आणि महुआ वेचणाऱ्या बायकांना रोजंदारीवर पाहणीच्या ओळीत घ्यावे. डोंगराची जमीन त्यांच्याइतकी कोणी पाहिलेली नसते.

इंदूरच्या महाविद्यालयांतून भूविज्ञान शिकलेली आपली मुले-मुली कोअर लॉगिंगच्या (कोअरची नोंद करण्याच्या) कामावर सिंगरौली-शहडोलकडे जातात. पाहणी झाली नसली तरी रिगवर तुम्ही असता. डोझर फिरण्याआधी जागेवर दहा मिनिटे चाला. धारदार कडेचा, एका बाजूला फुगीर कंद असलेला, आसपासच्या खडकात न बसणारा दगड दिसला, तर तो उचलू नका. शेजारी पेन ठेवून फोटो घ्या, अक्षांश-रेखांश लिहा आणि बोअरच्या दैनंदिन नोंदवहीतच नोंद करा. वेगळ्या कागदावरची नोंद हरवते, नोंदवहीतली टिकते. हातभर जागेत असे पाचाहून अधिक तुकडे असतील, तर बोअर सरकवण्याची विनंती लेखी करा आणि प्रत जिल्ह्याच्या कलेक्टरला पाठवा.

राहिला अहवालांचा प्रश्न. बोअरचे कोअर वर्षानुवर्षे जपले जातात, त्यांच्या पेट्यांवर खोली आणि क्रमांक असतो. पाहणीत गोळा झालेल्या वस्तूंना तेवढीही शिस्त मिळत नाही. गोणीवरची चिठ्ठी दोन पावसाळ्यांत कुजते आणि मग ते नुसते दगड. प्रत्येक पिशवीत आत एक आणि बाहेर एक, असे दोन प्लास्टिकचे क्रमांक असावेत, आणि ठेवण्याची जागा पाहणी सुरू होण्याआधीच ठरलेली असावी. अहवालाची एक प्रत संचालनालयाकडे, एक जिल्ह्याच्या संग्रहालयाकडे आणि एक, गावाच्या भाषेतल्या सारांशासह, पंचायतीकडे द्यावी. स्थळांचे नेमके आकडे पहिल्या दोन प्रतींतच असावेत.

आपले,
पुरातत्त्व-पाहणी व भूविज्ञानाशी संबंधित काही वाचक,
इंदूर